'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर': सिनेमातलं ऐकवू की अल्बममधलं?

मुळामुठा

मंडळी, एक सल्ला हवा आहे.

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी पंधरा-वीस जण गाणी ऐकायला जमतात. बहुतेक जण साठीच्या पुढचे, नाट्यसंगीत आणि जुन्या हिंदी गाण्यांवर वाढलेले. या खेपेचा विषय मी मागून घेतलाय: सिनेमासाठी रॉक बँडनं लिहिलेलं गाणं. वेळ अर्धा तास, म्हणून गाणं एकच. क्वीन या ब्रिटिश बँडचं 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर'. १९८६ च्या 'हायलँडर' सिनेमासाठी बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं लिहिलेलं.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉनर मॅक्लाउड हा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला तरुण. १५३६ च्या लढाईत वर्मी घाव लागूनही तो मरत नाही, आणि गावातलेच लोक त्याला सैतानाचा माणूस ठरवून हाकलून देतात. मुंडकं उडवलं तरच मरतील अशी जी मोजकी माणसं जगात आहेत, त्यांतला तो एक. पुढे तो हेदरबरोबर डोंगरात संसार थाटतो. ती म्हातारी होत जाते, तो आहे तसाच राहतो. शेवटी ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. एवढं सगळं आयुष्य पडद्यावर काही मिनिटांत सरतं आणि त्यावर हे गाणं वाजतं.

अडचण अशी की 'अ काइंड ऑफ मॅजिक' या अल्बमवर पहिलं कडवं ब्रायन मे गातो आणि मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी नंतर येतो. सिनेमात मात्र सुरुवातीपासून फ्रेडीच. माझं मत स्पष्ट आहे: गाणं त्या प्रसंगासाठी लिहिलंय, तेव्हा सिनेमातलंच खरं. पण घरात याच्यावर दोन तट पडलेत. तुम्ही काय ऐकवाल? आणि आधी प्रसंग दाखवावा की नुसतं गाणं लावावं?

खमंग

पहिला प्रतिसाद माझा! आधी गाणं, मग बटाटेवडे, मग चर्चा. वड्यांनंतर सगळे दोन्ही रूपांना दाद देतील.

तानपुरा

अल्बममधलंच लावा. का ते सांगतो.

गाणं सुरू होतं तेव्हा खाली सिंथेसायझरचे लांब, धरून ठेवलेले सूर आहेत. ताल नाही. त्यावर ब्रायनचा आवाज येतो, बारीक, जरा कापरा, कुठलीही कमावलेली फेक नसलेला. आपल्या शेजारचा कुणी भला माणूस स्वतःशी बोलतोय असं वाटतं. आणि मग फ्रेडी येतो. तो आल्यावर एकदम छत उंच होतं. ड्रम्स यायच्या आधीच गाणं मोठं झालेलं असतं, फक्त गळा बदलल्यामुळे. फ्रेडीनंच सुरुवात केली तर ही चढण जाते. पहिल्या ओळीलाच तुम्ही शिखरावर.

माझ्या गुरुजींकडे शिकताना एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे तार षड्ज लागायचा तर आधी मंद्रात पुरेसं राहावं लागतं. ब्रायनचं कडवं हे ते मंद्रात राहणं आहे.

गडकोट

@तानपुरा, छान लिहिलंय, पण मी धागाकर्त्याच्या बाजूनं. प्रसंग पाहा ना. तिथे एकच माणूस आहे ज्याच्यावर हे सगळं गुदरतंय. पडद्यावर एक कॉनर आणि गाण्यात दोन आवाज, हे खटकलं असतं.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण ती ऐकवताना कामाला येईल. दिग्दर्शक रसेल मल्काही हा ऑस्ट्रेलियन, आधी संगीत व्हिडिओ करून नावारूपाला आलेला. त्यानं क्वीनला सिनेमाचे वीसेक मिनिटांचे तुकडे दाखवले. चौघांनी ते पाहिले आणि प्रत्येकानं आपापला प्रसंग उचलला. रॉजर टेलरनं कॉनरच्या तोंडचं एक वाक्य घेतलं आणि त्यातून 'अ काइंड ऑफ मॅजिक' झालं. फ्रेडीनं लढाऊ बाणा घेतला आणि 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स' लिहिलं. जॉन डीकननं 'वन इयर ऑफ लव्ह' दिलं, ज्यात ब्रायनची गिटारच नाही, सॅक्सोफोन आहे. आणि ब्रायन हेदरचं म्हातारपण पाहून गाडीत बसला, घरी पोचेपर्यंत गाडीतच त्याला हे गाणं सुचलेलं होतं.

अल्बममधल्या नऊ गाण्यांपैकी सहा या सिनेमातली. 'हायलँडर'चा वेगळा अधिकृत साउंडट्रॅक त्या वेळी निघालाच नाही. त्यामुळे लोक 'अ काइंड ऑफ मॅजिक'लाच साउंडट्रॅक समजत आले. पण त्यात सिनेमातली रूपं नाहीत, हे मुळामुठा यांचं म्हणणं बरोबर.

शेवंती

हा धागा पाहून अंगावर काटा आला. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मुंबईत हॉस्टेलवर. मैत्रिणीनं काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणली होती. आम्हाला सिनेमाचा पत्ताही नव्हता. आमच्यासाठी ते फ्रेडीचं गाणं होतं, आपण जाणार आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाचं. मरण समोर दिसत असताना तो विचारतोय, कुणाला हवंय चिरकाळ जगणं? यापुढे कसला आलाय सिनेमा?

म्हणून माझं मत: प्रसंग दाखवूच नका. फ्रेडीबद्दल दोन शब्द सांगा आणि गाणं लावा.

काळा_कातळ

शेवंतीताई, भावना पोचली, पण तारखा जुळत नाहीत. सांगायला उभं राहायचं तर हे नीट असावं म्हणून लिहितो.

सिनेमा मार्च १९८६ चा, अल्बम त्याच वर्षी जूनमधला. म्हणजे गाणं त्याआधीच तयार होतं. फ्रेडीच्या आजाराचं, म्हणजे एड्सचं, निदान १९८७ चं, असं त्याच्या जोडीदारानं नंतर लिहिलंय. जगाला कळलं ते २३ नोव्हेंबर १९९१ ला, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. शिवाय शब्द ब्रायनचे आहेत, फ्रेडीचे नाहीत. ब्रायननं ते लिहिले हेदर आणि कॉनर यांच्यासाठी.

मरणाच्या सावलीत गायलेलं क्वीनचं गाणं हवं असेल तर १९९१ च्या 'इन्युएन्डो' अल्बमकडे जा.

शेवंती

@काळा_कातळ, तारखा मान्य. पण २० एप्रिल १९९२ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रेडीच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला, तेव्हा सील या गायकानं हेच गाणं गायलं आणि बाकीचे तिघे त्याच्यामागे वाजवत होते. त्या दिवसानंतर या गाण्यात कॉनरच्या जागी कोण आहे? मागे उरलेले ते तिघे! हेदरच्या जागी फ्रेडी. गाणं लिहिलं कशासाठी हे एक, आणि ते पुढे कुणाकुणाचं झालं हे दुसरं. मला दुसरं जवळचं वाटतं.

तानपुरा

शेवंतीताई, हे फार सुंदर मांडलंत. आणि बघा, यानं माझ्याच मुद्द्याला बळ येतं. मागे उरलेला ब्रायन सुरुवात करतो, अशी अल्बमची रचना आता ऐकताना होते.

फटकळ_मावशी

सगळे गाण्याबद्दल बोलताय, सिनेमाबद्दल कुणी खरं बोलेल का? मी पाहिलाय. स्कॉटिश माणसाचं काम करतोय क्रिस्तोफर लॅम्बर्ट, जो फ्रेंच. आणि शॉन कॉनरी, जो अस्सल स्कॉटिश, तो करतोय स्पेनमध्ये राहणाऱ्या इजिप्शियन माणसाचं काम, मोरपिसं लावून! अमेरिकेत सिनेमा आपटला होता तो उगाच नाही. न्यूयॉर्कच्या पार्किंगमध्ये तलवारबाजी काय, विजा काय.

गाणी काढून घेतली तर त्या सिनेमात काय उरतं?

गडकोट

मावशी, उरतं! क्लॅन्सी ब्राउनचा कुर्गन उरतो. असा खलनायक त्या दशकात क्वचित झाला. आणि वर्तमानातून भूतकाळात जायच्या त्या जागा उरतात. कॅमेरा मत्स्यालयातून वर जातो आणि स्कॉटलंडच्या तळ्यातून बाहेर येतो, हे मल्काहीला संगीत व्हिडिओंनी शिकवलेलं. व्हिडिओवर सिनेमा पसरला आणि मग मालिका आली, १९९२ पासून सहा हंगाम चालली. तिचं शीर्षकगीत 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स'.

खमंग

एक तर राहिलंच की! क्वीनबरोबर आता जो गातो तो ॲडम लॅम्बर्ट, आणि हायलँडर झाला तो क्रिस्तोफर लॅम्बर्ट. नात्यानं कुणी कुणाचे नाहीत, पण क्वीनला मधून मधून एक लॅम्बर्ट लागतोच. 😄

वाईकर_निनाद

आमच्या भागातला विषय निघाला आणि अजून कुणी पाचगणीचं नाव काढलं नाही?

फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आठव्या वर्षाच्या आसपास त्याला पाचगणीला सेंट पीटर्समध्ये घातलं. पियानोचं शिक्षण तिथलं, 'फ्रेडी' हे नाव तिथलं, आणि पहिला बँडही तिथलाच: 'द हेक्टिक्स', शाळेतली पाच मुलं. त्यात फ्रेडी पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा. १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला, तिथे क्रांती झाली आणि १९६४ मध्ये घरचे सगळे इंग्लंडला गेले.

मी वाईचा. पसरणी घाट चढून पाचगणी आली की पावसाळ्यात टेबललँड दिसतच नाही, सगळं धुक्यात. शाळेच्या भिंतीबाहेर उभं राहून फोटो काढणारी परदेशी माणसं मी पाहिलीत. आमच्याकडच्या कितीतरी लोकांना मात्र तो इथे शिकला हेच माहीत नसतं. मुळामुठा, तुमच्या मंडळींना हे जरूर सांगा. साठीच्या पुढच्या माणसाला 'ब्रिटिश रॉक बँड' म्हटलं की परकं वाटतं. 'पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला पारशी मुलगा' म्हटलं की खुर्ची पुढे सरकते.

अवांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

मुळामुठा

@वाईकर_निनाद, हे अवांतर अजिबात नाही, सुरुवात यानंच करणार. आमच्यातले दोघे तर पाचगणीलाच शिकलेत.

नर्मदेहर

हे सगळं वाचताना मला अश्वत्थामा आठवत राहिला. कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली, आणि मरणाची सोयच नाही. परिक्रमेत मी चालत असताना शूलपाणीच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की तेल मागायला कुणी आला तर नाही म्हणायचं नाही. आपल्याकडे अमरत्व हा शाप आहे हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. तुमच्या श्रोत्यांनाही लागणार नाही.

चांगदेवांची कथा याहून जवळची. चौदाशे वर्षं काळाला हुलकावणी दिली, वाघावर बसून आले, आणि समोर कोण? चार भावंडं, त्यात मुक्ताबाई सगळ्यांत धाकटी. चौदाशे वर्षांचा योगी त्या पोरीला गुरू करतो. नुसतं जगत राहण्यानं काही हाती लागत नाही हे त्या कथेत आहे, आणि या गाण्यातही आहे. शेवटाकडे गाणं म्हणतं ना, की आपला आजचा दिवस हाच आपला चिरकाळ? तिथे मी डोळे मिटले.

काळा_कातळ

@नर्मदेहर, एक फरक नोंदवावासा वाटतो. अश्वत्थाम्यानं झोपलेल्या मुलांना मारलं, त्याला शिक्षा झाली. चांगदेवांनी अमरत्व मिळवलं तपानं. कॉनरनं काहीच केलेलं नाही! ना पाप, ना साधना. तो असाच जन्मला. म्हणून तो जास्त बिचारा वाटतो. त्याला मूलही होऊ शकत नाही, हेही सिनेमात सांगितलंय. हेदर गेली की मागे काही नाही.

अबोली_ग्लासगो

उशिरा आले, पण मला इथे लिहायलाच हवं, कारण मी या मुलखाच्या उंबऱ्यावर राहते.

सिनेमात मॅक्लाउडांचं गाव म्हणून जो किल्ला दिसतो तो आयलन डोनन. स्काय बेटाकडे जाताना डोर्नी गावापाशी, तीन खाड्या मिळतात तिथे छोट्या बेटावर उभा आहे. दगडी पूल आहे, त्यावरून चालत जायचं. १७१९ मध्ये सरकारी युद्धनौकांनी तोफा डागून तो उद्ध्वस्त केला होता, दोनशे वर्षं नुसते अवशेष होते. आजचा किल्ला विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला, १९३२ ला पूर्ण झालेला. खऱ्या मॅक्लाउडांचा किल्ला वेगळाच, स्कायवरचा डनवेगन. इथल्या लोकांना हे माहीत आहे आणि तरी सिनेमावर त्यांचा जीव आहे.

मुलं लहान असताना आम्ही ग्लेन कोमधून गाडीनं जात होतो. दोन्ही बाजूंना उघडे काळपट डोंगर, झाड नाही, वर ढग टेकलेले. नवऱ्यानं नेमकं हे गाणं लावलं. मी सांगते, या गाण्यातली जी लांबचलांब धरलेली वाद्यं आहेत ना, ती या दऱ्यांच्या मापाची आहेत. तिथे माणूस इतका लहान दिसतो की पन्नास वर्षांचा संसार डोळ्यांदेखत सरला तरी डोंगर हललेला नसतो. प्रसंग दाखवा. निदान ते डोंगर तरी दाखवा.

व्हायोलाचा_दांडा

कुणीतरी मायकल केमनबद्दल बोला की! मी हौशी वाद्यवृंदात व्हायोला वाजवते, त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो.

सिनेमाचं पार्श्वसंगीत केमनचं. या गाण्याची वाद्यवृंदाची बांधणी त्याच्यासोबत बसून झाली. तो मुळात ओबो वाजवणारा, न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकलेला, आणि तरुणपणी रॉक आणि शास्त्रीय एकत्र करणाऱ्या बँडमध्ये होता. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चं वाद्यवृंदाचं कामही त्याचं, आणि १९९९ मध्ये मेटॅलिकाबरोबर सान फ्रान्सिस्कोचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला तोही हाच. रॉक बँडच्या मागे व्हायोलिनं नुसती साखर पेरायला ठेवायची नाहीत हे त्याला कळायचं.

या गाण्यात ऐका: गिटारचं वादन संपत येतं तिथे तंतुवाद्यं खालून चढतात आणि गिटारला मागे टाकून पुढे जातात. बँड संपतो, वाद्यवृंद उरतो. रॉक गाण्यात असा शेवट करायला धीर लागतो, कारण बँडला शेवटचा शब्द स्वतःचा हवा असतो.

व्हिडिओही दाखवता येईल. डेव्हिड मॅलेटनं लंडनच्या टोबॅको व्हार्फला केलेला, खरा वाद्यवृंद, मुलांचं गायनवृंद, फ्रेडी काळ्या सूटमध्ये, आणि सगळीकडे पेटत्या मेणबत्त्या.

गडकोट

मेणबत्त्यांवरून आठवलं! हेदर मरताना त्याच्याकडे एकच मागते: माझ्या वाढदिवसाला माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव. आणि चारशे वर्षांनी, १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये, तो चर्चमध्ये जाऊन ती लावतो. कुर्गन तिथे येतो, पण पवित्र जागेत लढायचं नाही हा नियम दोघेही पाळतात. व्हिडिओतल्या मेणबत्त्या तिथून आल्या असाव्यात असं मला कायम वाटत आलंय.

फटकळ_मावशी

हे मेणबत्तीचं मी विसरले होते. तो प्रसंग चांगला आहे. तेवढा देते तुम्हाला.

शुक्रतारा८०

सिनेमासाठी क्वीनचं सगळ्यात चांगलं काम 'फ्लॅश गॉर्डन'चं, १९८०. पूर्ण अल्बम सिनेमाचा, मधे मधे पात्रांचे संवाद. तिथे वाद्यवृंद हॉवर्ड ब्लेकचा. 'हायलँडर'च्या सहा वर्षं आधी हे लोक हे करून बसले होते आणि धाग्यात त्याचा उल्लेखही नाही, हा अन्याय आहे.

आणि ते एकटे नव्हते. १९८४ मध्ये 'ड्यून'ला टोटोनं संगीत दिलं. १९८५ च्या 'लेजंड'ला अमेरिकेतल्या आवृत्तीत टँजरीन ड्रीम. त्या काळी अद्भुत सिनेमा आणि रॉक बँड यांची गट्टीच होती.

तानपुरा

@शुक्रतारा८०, 'फ्लॅश' मलाही आवडतं, पण तिथे बँड सिनेमाच्या रंगात रंगून मजा करतोय. तुकडे लहान, बहुतेक वाद्यांचे. शीर्षकगीत सोडलं तर अल्बममधलं सुटं गाणं म्हणून किती लोक काय ऐकतात? 'हायलँडर'ला त्यांनी उलटं केलं. पूर्ण गाणी लिहिली आणि दिग्दर्शकाला सांगितलं, घ्या तुम्हाला हवं तेवढं. सिनेमात कितीतरी गाणी अर्धीमुर्धीच वाजतात.

शुक्रतारा८०

म्हणूनच म्हणतो, सिनेमासाठी लिहिलेलं संगीत म्हणून 'फ्लॅश' सरस. पण मुळामुठांच्या अर्ध्या तासासाठी गाणं हेच योग्य, त्यात वाद नाही.

खमंग

दुर्मिळ क्षण: शुक्रतारा आणि तानपुरा यांचं एका धाग्यावर अर्धं एकमत. जपून ठेवा.

रानफूल

पहिल्यांदाच लिहितेय इथे. काल रात्री धागा वाचला आणि सिनेमा लावला. झोपायला दोन वाजले.

तुम्ही सगळे हेदरच्या प्रसंगाबद्दल बोलताय, पण माझ्या मते गाण्याची चावी त्याच्या आधी आहे. रामिरेझ, म्हणजे कॉनरी, कॉनरला तलवार शिकवायला येतो आणि स्पष्ट सांगतो: हिला सोड. तो स्वतः हजारो वर्षं जगलाय, जपानमधली बायको गमावून पार मोडून पडलेला आहे. तो म्हणतोय ते अनुभवाचं आहे. कॉनर ऐकून घेतो आणि राहतो. पुढे रामिरेझ मारला जातो, कॉनर तरी तिथेच राहतो. तिचे केस पांढरे होईपर्यंत. म्हणजे त्याला हे होणार हे माहीत होतं.

त्यामुळे गाण्यातला प्रश्न मला रडगाणं वाटत नाही. त्याच्याकडे दोन वाटा होत्या: न गुंतता शतकानुशतकं काढायची, किंवा हिच्याबरोबर एकदाच पूर्ण जगायचं आणि मग भोगायचं. त्यानं निवडलं. गाणं त्या निवडीच्या बाजूनं उभं आहे.

माझी आजी शेवटची काही वर्षं काही ओळखत नव्हती. आजोबा रोज सकाळी तिची वेणी घालायचे. आधी नीट यायची नाही, मग यायला लागली. त्यांना कुणी कुणी सांगितलं होतं की बाई ठेवा, स्वतःला जपा. ते हो म्हणायचे आणि कंगवा हातात घ्यायचे. काल तो प्रसंग बघताना मला तेच दिसत होतं.

आता मूळ प्रश्न. मला वाटतं सिनेमात फ्रेडी एकटा गातो ते बरोबर, कारण निवड एकट्याची आहे. पण ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना ब्रायनचं कडवं लागेल. तिथून आत शिरता येतं.

नर्मदेहर

रानफूल, स्वागत. असं लिहीत राहा.

अबोली_ग्लासगो

वेणीचं वाचून काही वेळ स्क्रीनकडे बघत बसले. रामिरेझचा मुद्दा शंभर टक्के पटला.

काळा_कातळ

एक राहिलं. मैफलीत फ्रेडी हे गाणं पहिल्या ओळीपासून स्वतः गायचा. जुलै १९८६ च्या वेम्बलीचं ध्वनिमुद्रण ऐका. म्हणजे बँडनं लोकांसमोर फ्रेडीचीच सुरुवात ठेवली. त्याच दौऱ्यात, ९ ऑगस्टला नेबवर्थला, फ्रेडीचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. हा मुद्दा धागाकर्त्यांच्या पारड्यात टाकतो.

तानपुरा

मैफलीचं शास्त्र वेगळं. दोन मैदानं भरतील एवढे लोक समोर असताना पहिली ओळ शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवी. ते काम फ्रेडीचंच. वाचनालयात पंधरा माणसं आहेत. तिथे ब्रायनचा आवाज पुरतो, आणि शोभतोही.

व्हायोलाचा_दांडा

तिसरा पर्याय सुचवते. अल्बमच्या सीडीवर 'फॉरेव्हर' नावाचा जादा तुकडा आहे, याच चालीचा, शब्दांशिवाय, पियानोवर. तीन-साडेतीन मिनिटांचा. आधी तो लावा. तुमच्या नाट्यसंगीतवाल्यांना चाल आधी कळू दे, इंग्रजी शब्दांची धास्ती नको. चाल कानात बसली की मग प्रसंग, आणि मग पूर्ण गाणं.

वाईकर_निनाद

हे झकास! आणि पियानो म्हटला की पाचगणीच्या शाळेतल्या पियानोकडे आपोआप वळता येईल.

मुळामुठा

सगळ्यांचे मनापासून आभार. रानफूल, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. दोन्ही तट गप्प झाले.

बेत असा ठरलाय. पाचगणीपासून सुरुवात, मग 'फॉरेव्हर'चा पियानो. त्यानंतर रामिरेझचा सल्ला मी तोंडी सांगेन आणि हेदरचा प्रसंग दाखवेन, म्हणजे फ्रेडीचं एकट्याचं रूप आपोआप ऐकून होईल. शेवटी दिवे लावून, पडदा बंद करून, अल्बममधलं सव्वापाच मिनिटांचं पूर्ण गाणं. माझं मत अजूनही सिनेमाकडेच झुकतंय, पण तानपुरा म्हणतात ती चढण लोकांना मिळायला हवी, आणि व्हायोलाचा_दांडा म्हणतात तो तंतुवाद्यांचा शेवट प्रसंगात नीट ऐकूच येत नाही, हे काल कान देऊन पाहिलं.

एकच काळजी: वाचनालयातले स्पीकर जुने आहेत, खालचे सूर फाटतात.

तानपुरा

पुण्यातच आहे. माझे स्पीकर घेऊन येतो, फक्त दुसरा मजला असेल तर उचलायला एक माणूस द्या. वेळ आणि पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवा.

खमंग

उचलायला मी येतो. वडेही माझ्याकडे लागले.